गहिनीनाथचा अर्धा कोयता

गहिनीनाथ घोळवेच्या दुकानावर पाटी आहे ती 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी. पाटी खोटी नाही. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, आधारला मोबाइल जोडणं, सगळं होतं. फक्त तुम्ही दारात उभे राहिलात की तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणतो, "दोन मिनटं बसा, सर्व्हर डाऊन हाय." मी नांदूरघाटच्या शाळेत बारा वर्षं मास्तरकी करतोय, आणि एवढ्या काळात निदान शंभर वेळा त्याच्या बाकड्यावर बसलो असेन. सर्व्हर डाऊन असतो तेव्हा त्याच्या पडद्यावर हत्ती पळत असतात, ही गोष्ट माझ्या तिसऱ्या की चौथ्या खेपेला ध्यानात आली.

हत्ती एका जुन्या खेळातले आहेत. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. गावात त्याला 'फौजेचा गेम' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. सुरुवातीला प्रत्येक खेळाडूला पाच-सहा मजूर मिळतात. त्यांनी लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, धान्य पिकवायचं. त्याच्या जोरावर किल्ला बांधायचा, फौज उभी करायची आणि शेजाऱ्याला बडवायचं. बुद्धिबळासारखी पाळी नसते. सगळ्यांचं सगळं एकदमच चालू. तुम्ही विचार करत बसलात तर तोवर शेजारी येऊन तुमची कोठारं जाळून जातो. मी विचार करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे माझी कोठारं कायम जळालेली असतात.

हा खेळ बनवणारी परदेशी कंपनी बंद पडून पंधरा-सोळा वर्षं झाली. खरं तर खेळही तिच्यामागं जायचा. पण जगात काही लोकांना दुसरा उद्योग नसतो. पोलंडमध्ये, ब्राझीलमध्ये, आणखी कुठं कुठं मिळून असे तीन-चारशे लोक आहेत, ज्यांनी तो मरू दिला नाही. ते खेळाच्या पोटात हात घालतात, नव्या फौजा, नवे डोंगर, नव्या चाली बसवतात आणि एकमेकांना फुकट वाटतात. अशा फेरबदलाला मॉड म्हणतात. गोधडीतलं मूळ लुगडं कधीच विरलेलं असतं, ती ठिगळांवर चालते, तसं हे आहे. आणि त्यातलं एक चांगलं मोठं ठिगळ नांदूरघाटचं आहे. त्याचं नाव 'बालाघाट'.

'बालाघाट'मध्ये लाकडाच्या जागी ऊस आहे. किल्ल्याच्या जागी गढी. लांडग्यांच्या जागी बिबटे. मुकादमही आहे, तो स्वतः काडी हलवत नाही, फडाच्या कडेला उभा राहतो, आणि तो उभा असला की भोवतालचे मजूर जोरात काम करतात. पोलंडच्या यानेकनं विचारलं होतं, की हा माणूस काहीच करत नाही तर याची किंमत एवढी जास्त का? गहिनीनाथनं मोबाइलवर भाषांतर करून उत्तर धाडलं, 'बरोबर आहे, असंच असतं.' यानेकनं त्यावर तीन पानी चर्चा घडवून आणली.

आणि मजूर म्हणजे कोयता. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. टोळीत वीस कोयते म्हटलं की चाळीस माणसं समजायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता. गहिनीनाथनं खेळातही तेच ठेवलं. एकच मजूर, पण चित्रात दोघं. गडी पुढं ऊस तोडतो, बाई मागून मोळी बांधते. बाईच्या अंगात लुगड्यावरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. ब्राझीलच्या थियागोला ही जोडी इतकी आवडली, की तो लढाई सोडून नुसता ऊस तोडत बसायचा आणि हरायचा. मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे.

असा हा माणूस. वय एक्केचाळीस, पोट सुटलेलं, चष्मा दोरीनं बांधलेला. बायको मनिषा अंगणवाडीत आहे आणि तिनं या खेळाशी तह केलेला आहे. जगभरात त्याला 'मास्टर जी. एन.' म्हणून ओळखतात आणि गावात 'भिवराबाईचा गहिन्या' म्हणून. पैकी दुसरी ओळख त्याच्या मनाला जास्त लागते, कारण अडचण तिथंच होती.

भिवराबाई त्याची आई. रोज दुपारी साडेबाराला ती डबा घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत येते, आत पाठ करून पायरीवर डबा ठेवते, "गहिन्या, जेव," म्हणते आणि जाते. वीस वर्षं झाली, तिनं त्या पडद्याकडं एकदाही मान वळवली नव्हती. गहिनीनाथचे वडील आश्रुबा फडातच साप चावून गेले, तेव्हा हा बारावीला होता. पोरानं शिकावं म्हणून पुढचे तीन हंगाम भिवराबाई एकटीच, अर्धा कोयता म्हणून, ऊसतोडीला गेली. इकडं पोरगं बीडला तंत्रनिकेतनात. पोराला तिथं कॉलेजच्या रस्त्यावर एक नेट कॅफे सापडला आणि कॅफेत हा खेळ सापडला. तिसऱ्या वर्षी सहा विषय राहिले. ते अजून राहिलेलेच आहेत. माय उन्हात राबत होती तेव्हा आपण कुठं बसलो होतो, हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. पण तिला कळलं असणार, म्हणूनच ती पाठ करते, अशी त्याची खात्री होती.

"सर, तिनं शिव्या दिल्या तरी चालंल," तो मला एकदा म्हणाला. "पर एकदा बगावं. मी खेळत न्हाई, बनवतोय, एवढं तरी तिला दिसावं. बास."

"मग बोलव की."

"कोणत्या तोंडानं बोलवू?"

मी म्हटलं, आहे त्याच तोंडानं. पण असले सल्ले देणाऱ्याला सोपे असतात.

मागच्या उन्हाळ्यात त्या जगभरच्या लोकांनी ठरवलं, की यंदाची मोठी स्पर्धा 'बालाघाट'वर घ्यायची. जूनमधल्या एका रविवारी. गहिनीनाथच्या अंगात वारं शिरलं. सगळं तंतोतंत खरं पाहिजे म्हणाला. एका जोडीच्या दिवसाला मोळ्या किती, गाडी भरायला वेळ किती, उठायचं कधी, तान्हं पोर फडात कुठं निजवायचं. हे सगळं माहीत असलेलं माणूस घरातच होतं. मग हा पठ्ठ्या मार्च महिन्यात रोज जेवताना वही उघडून आईला प्रश्न विचारायला लागला. ती म्हणाली, "कशाला रं?" हा म्हणाला, "माहिती भरायची हाय."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे वही उघडून प्रश्न विचारणारा माणूस योजना घेऊनच आलेला असतो. जनगणना असो, पाहणी असो, की कुठल्या संस्थेची बाई असो. मोळ्या किती, झोपता कुठं, असं कुणी विचारलं की पुढंमागं काहीतरी मिळायचं असतं, निदान पाण्याची बाटली तरी. आणि गहिनीनाथचा धंदाच फॉर्म भरण्याचा. भिवराबाईनं पोराच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अगदी तोलून दिलं, कमी सांगितलं तर नाव कटेल म्हणून. आश्रुबाबरोबरचे सगळे हंगाम तिनं आठवून आठवून सांगितले. आणि आळीतल्या बायकांना तर सांगितलंच.

एका सोमवारी मी शाळेच्या कामासाठी गेलो, तर दुकानापुढं अकरा बायका. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि दोन फोटो. सगळ्यात पुढं भिवराबाई. तिचीही पिशवी होती.

"ऊसतोडवाल्याची माहिती भरायलाय ना तू?" एक जण म्हणाली. "मग आमची बी भर की. भिवरामावशीचीच कावून?"

गहिनीनाथचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी अशा वेळी फळ्याकडं पाहतो. तिथं फळा नव्हता म्हणून भिंतीवरच्या दरपत्रकाकडं पाहिलं. शेवटी त्यानं सांगून टाकलं, की योजना नाही, फॉर्म नाही, हे एका खेळासाठी होतं. बायकांना ते पटेना. लपवतोय म्हणाल्या. मग नाइलाजानं त्यानं पडदा त्यांच्याकडं फिरवला, आणि भिवराबाई समोरच उभी असल्यामुळे तिनं पाहिलं. वीस वर्षांत ज्याची वाट पाहिली ते असं आधारकार्डाच्या गर्दीत झालं.

सुरुवातीला मजा आली. बायका परीक्षकांसारख्या उभ्या राहिल्या. पाचट कुठं हाय? ऱ्हायच्या कोप्या एवढ्या लांब लांब कावून? मोळी अशी कुणी धरतं का, कंबर मोडंल बाईची. गहिनीनाथ वहीत लिहून घेत होता, आणि भिवराबाईच्या तोंडावर मला चक्क कौतुक दिसलं. पोरगं आपल्या कामाची चित्रं काढतंय हे तिला कळलं होतं. तेवढ्यात फडातून बिबट्या निघाला आणि त्यानं कडेच्या कोयत्यावर झडप घातली. गडी पडला. बाईही पडली. दोघं दिसेनाशी झाली. बायका हसल्या.

भिवराबाई हसली नाही. "वाघानं त्याला धरलं," ती म्हणाली. "मग ती कुठं गेली?"

"माय, गेममदी ते दोघं मिळून एकच आस्त्यात. एक गेला की दोगं बी जात्यात."

"आसं आस्तं व्हय," ती म्हणाली. तिनं पिशवीची गाठ मारली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला डबा पायरीवर आला, आणि पाठ पुन्हा आतल्या बाजूला.

त्या दिवशी गहिनीनाथनं भर दुपारी शटर ओढलं. मला शाळेत येऊन म्हणाला, "सर, बाप मेल्यावर ती तीन वर्षं एकली राबली, आन् मी गेममदी तिला बापाबरूबरच मारून टाकली. ध्यानात बी आलं न्हाई माज्या." मला एरवी त्याची फिरकी घ्यायची सवय आहे. तेव्हा घेता आली नाही.

मग तो कामाला लागला. काम सोपं नव्हतं. जुन्या खेळाची अक्कल ठरलेली असते. एक मजूर म्हणजे एकच जीव, अर्धा जीव त्याला समजतच नाही. महिनाभर डोकं आपटून झाल्यावर यानेकनंच वाट दाखवली. खेळात घोडेस्वारांचा एक नियम आहे: घोडा मेला की स्वार पायी उभा राहतो. तोच नियम कोयत्याला लाव. लावला, आणि चालला. बिबट्यानं झडप घातली की गडी पडायचा आणि सदरा घातलेली बाई उभी राहायची. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर आश्रुबाचा घोडा झाला. मी हे बोललो तेव्हा गहिनीनाथ तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

अर्धा कोयता आला, पण त्याचा उपयोग होईना. एकटीनं तोडायचं, एकटीनंच बांधायचं, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जायचं. तोवर शेजाऱ्याच्या चार गाड्या भरलेल्या. शिवाय खेळात माणसं दोनशेच ठेवता येतात, आणि अर्ध्या कोयत्यालाही तिथं पूर्ण जागा लागते. मे महिन्यात सुट्टी असल्यामुळे चाचणीसाठी मला बसवलं होतं. माझी फौज अडकली होती, जागा नव्हती, आणि तीन बाया फडात नुसत्या रेंगाळत होत्या. नको असलेला माणूस कमी करायला एक बटण असतं.

"हिचा काय उपयोग," मी म्हटलं. "काढून टाकतो हिला." आणि बटण दाबलं.

पायरीवर डबा ठेवल्याचा आवाज झाला होता, तो मी ऐकला नव्हता.

"गुरुजी," भिवराबाई म्हणाली, "कुणाला काढताव?"

मी वळून पाहिलं. ती आमच्याकडं तोंड करून उभी होती. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही. "अर्धा कोयता आहे," मी म्हटलं. "कामाचा नाही, आणि जागा अडवतोय."

"मुकादम बी आसंच म्हणायचा," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं. आधीच्या शाळा धरून बावीस वर्षांच्या नोकरीत मी पोरांना पुष्कळ धडे दिले आहेत. त्या दिवशी कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

गहिनीनाथ खुर्चीतून अर्धा उठला होता. "मग माय," तो म्हणाला, "तू तीन वर्षं कसं केलंस?" वीस वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला.

"नेकनूरची छबू होती की टोळीत. तिचा बी मालक वारला होता. दोन अर्धे जोडून दिले आमचे. झाला एक कोयता."

"तोडायचं कोण?"

त्याचा हात आपोआप वहीकडं गेलेला तिनं पाहिला. "लिव," ती म्हणाली. "पर योजना हाय म्हणून सांगत हिंडू नगंस लोकान्ला. तोडायचे मी. छबूचं मनगट बारीक, ती बांधायची. मोळी उचलायला दोगी. तिला ताप आला तर मी एकली दोगीचं करायचे, आन् माजं आंग दुखलं तर ती. पैल्या वर्साला गड्यान्नी लई हसून घेतलं आमाला. दुसऱ्या वर्साला आमची गाडी त्यांच्या आगोदर भरायची, मग बसले गप."

ती बोलत होती आणि बोलता बोलता आत येऊन बाकड्यावर बसली. डबा बाहेरच राहिला. तो कुत्र्यानं पाडला, हे मला नंतर मनिषाकडून कळलं, आणि तिनं तेही खेळाच्याच खात्यावर टाकलं.

पुढच्या आठवड्यात 'बालाघाट'ची नवी आवृत्ती निघाली. दोन अर्ध्या कोयत्यांना एकमेकांजवळ नेलं की ते जोडले जायचे आणि पूर्ण कोयता व्हायचा. यासाठीही घोडेस्वारांचाच नियम, फक्त उलटा: पायी माणसाला घोडा मिळाला की पुन्हा स्वार. यातला घोडा कोण आणि स्वार कोण हे मी विचारलं नाही. माणूस ठेच लागल्यावर शहाणा होतो.

स्पर्धेच्या रविवारी भिवराबाईनं छबुबाईला नेकनूरहून एसटीनं बोलावून घेतलं. छबुबाई म्हणजे लहान चणीची, पांढऱ्या केसांची, तोंडानं फटकळ बाई. दोघी बाकड्यावर बसल्या. अंतिम सामना यानेक आणि थियागोचा. पोलंडमध्ये दुपार, ब्राझीलमध्ये सकाळ, आणि आमच्याकडं वीज जाण्याची वेळ, म्हणून इन्व्हर्टर मागून आणला होता. थियागो नेहमीप्रमाणे ऊस तोडत बसला होता आणि नेहमीप्रमाणे यानेकनं त्याची गढी पाडली. फौज संपली. नकाशाच्या एका कोपऱ्यात डोंगराआड दोन बाया तेवढ्या उरल्या, सदरा घातलेल्या. दुसऱ्या कुणीही हार मानली असती. थियागोनं त्या दोघींना चालवत चालवत एकमेकींजवळ आणलं.

"जोडतंय बग आपल्याला," भिवराबाई म्हणाली.

त्या जोडल्या गेल्या. आणि तिथं एक गडी आणि एक बाई उभी राहिली.

गहिनीनाथनं कपाळावर हात मारला. जोड पूर्ण झाल्यावर जुन्या कोयत्याचंच चित्र लागत होतं, नवरा-बायकोचं. नवं काढायचं राहूनच गेलं होतं. कोयता म्हटलं की जोडपं, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं, की दोन बायांचा कोयता स्वतः करूनही त्यात त्याला गडी खटकला नव्हता. मलाही नाही. सगळ्या जगात कुणालाच नाही.

"भिवरे," छबुबाई म्हणाली, "ह्यो गडी कुठनं आला गं?"

"आपुन गाडी भरलेली दिसली आसंल. आला आसंल आयतं खायाला."

मग त्या दोघी जे हसायला लागल्या ते थांबेचनात. छबुबाई तर बाकड्यावरून घसरली. तिकडं थियागोच्या त्या एका कोयत्यानं तोडता तोडता पुन्हा एक गाडी भरली, तिच्या जोरावर कोप बांधली, आणि तो आणखी पाऊण तास तग धरून मग हरला. गहिनीनाथनं सामन्याकडं पाहिलंच नाही. जगभरातून मास्टर जी. एन.चं अभिनंदन येत होतं आणि तो विळे शोधत होता.

"माय, दोगी बी चला मागं. फोटो काढतो. त्याच्यावरनं चित्र काढायचं."

दुकानामागं शेजाऱ्याचा कडवळाचा, म्हणजे ज्वारीच्या हिरव्या चाऱ्याचा, तुकडा आहे, तिथं आम्ही गेलो. दोघींनी आपापल्या जागा न सांगता घेतल्या. भिवराबाई पुढं, विळा घेऊन. छबुबाई दोन पावलं मागं. गहिनीनाथ म्हणाला, माय जरा वाक. ती म्हणाली, गुडघे तुझे घेऊन वाकू का? मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उगीच उभा होतो. गहिनीनाथनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. आणि मोबाइलच्या आडून म्हणाला,

"माय, तू फडात होतीस तवा मी वर्गात नव्हतो. बीडला ह्योच गेम खेळत बसायचो. तिन्ही वर्सं."

"ठाव हाय," भिवराबाई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"माज्या भावानं," छबुबाई मागून म्हणाली. "रिक्षा चालवायचा बीडात. त्यानं काचंतनं बगितलतं तुला. फडावर निरोप आला, पोरगं कालेजात न्हाई, पंख्याखाली बसून खेळतंय म्हणून. मी म्हणले भिवरे, चल माघारी, धर त्याला. तर ही म्हणती कशी, पंखा हाय ना? मग बसू दे."

"मग काय म्हणू?" भिवराबाई म्हणाली. "त्याचा बाप उनात राबता राबताच गेला. हे तरी सावलीला हाय, एवढं ऐकून मला वाढीव चार मोळ्या तोडू वाटल्या."

गहिनीनाथचा हात खाली आला होता. "मग वीस वर्सं तू दुकानाकडं पाठ कावून करत होतीस? मला वाटायचं, राग हाय तुला."

"राग कशाचा? मी बगितलं आसतं तर तू उठून उभा राहिला आसतास. आईला बघून लेकरू खेळातनं उठतंय." तिनं विळा दुसऱ्या हातात घेतला. "म्हणून न्हाई बगितलं. बसू दिलं. आता काढ तो फोटू, छबूची येष्टी जाईल."

त्यानं फोटो काढला. तो हलला. दुसरा काढला, तोही हलला. शेवटी मोबाइल मीच त्याच्या हातातून घेतला आणि दोघींना म्हटलं, जरा जवळ या, म्हणजे दोघी मावाल.